ग्रानादात वर्षभर शिकायला जातेय: रोजचं राहणं, खाणं आणि गाणं-संग्रहालयं कितपत जमतात?

सप्टेंबरची_तयारी

नमस्कार मंडळी. स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठात पुरातत्त्वाच्या एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. व्हिसाचे कागद गोळा करणं चालू आहे, सप्टेंबरच्या मध्यावर निघेन. वय 23. शाकाहारी आहे, अंडं चालतं, दारू घेत नाही. स्पॅनिश बी1, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत झालंय, पण ते सगळं वर्गात बसून.

नेटवर शोधलं तर दोनच प्रकारचं सापडतं. तीन दिवसांत अल्हाम्ब्राचे महाल उरकून पुढे गेलेल्यांची प्रवासवर्णनं, नाहीतर बार्सिलोना-माद्रिदला एमबीए करणाऱ्यांचे व्हिडिओ. मला हवंय ते रोजचं. दिवस कसा जातो? शाकाहारी माणसाचं बाहेर काय होतं? महिन्याला 750 युरो हातात असतील, खोलीचं भाडं त्यातूनच. त्यात गाणं, नाटक, संग्रहालयं, आसपासची गावं यांतलं काय काय बसतं? फ्लामेंकोच्या, म्हणजे तिथल्या गाण्या-नाचाच्या, तिकिटांचे आकडे बघून छातीच दडपली.

आई म्हणते, शिकायला चाललीस, भटकायला नाही. माझ्या विषयात भटकणं हा अर्धा अभ्यास असतो हे तिला मान्य आहे, पण खर्च कसा भागवणार ते आधी सांग म्हणते. तिथे राहिलेल्या कुणी सविस्तर लिहिलं तर तिलाही वाचून दाखवेन.

माद्रिदचा_पाहुणा

अभिनंदन! मी माद्रिदला असतो, ग्रानादाला पाहुणा म्हणूनच गेलोय. तिथलं तिथले लोक सांगतील. मी कागदपत्रं आणि माद्रिद एवढंच सांगतो.

सहा महिन्यांहून जास्त राहणार म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना लागणारं ओळखपत्र, ज्याला इथे तीए म्हणतात, ते काढावं लागेल. स्पेनमध्ये उतरल्यापासून महिन्याभरात अर्ज करायचा असतो. त्याआधी नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करून घ्या, म्हणजे एम्पाद्रोनामिएंतो. दोन्हीकडे आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळे विद्यार्थी एकदमच आलेले असतात, त्यामुळे वेळ मिळवणं हेच खरं काम. म्हणून खोली ठरवताना भाड्याच्याही आधी विचारा, 'या पत्त्यावर माझी नोंद करू द्याल ना?' माझ्या पहिल्या घरमालकाने पैसे घेतल्यावर नकार दिला आणि मला भर सत्रात घर बदलावं लागलं.

व्हिसासाठी महिन्याला 600 युरोंची सोय दाखवावी लागते, तुमचे 750 त्यात बसतात. शिवाय मे 2025 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे उच्चशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला 30 तासांपर्यंत काम करता येतं, अभ्यासाच्या आड येत नसेल तर. आईंना हेही सांगा.

माद्रिदला याल तेव्हा विद्यार्थी ओळखपत्र जवळ ठेवा. 18 ते 25 वयाच्या विद्यार्थ्यांना प्रादो या चित्रसंग्रहालयात केव्हाही फुकट प्रवेश आहे, संध्याकाळच्या फुकट वेळेची लांबलचक रांग लावायची गरज नाही. पण तुमचा विषय पुरातत्त्व, तेव्हा आधी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जा. शनिवारी दुपारी दोननंतर आणि रविवारी सकाळी तिथे तिकीट नसतं. एल्चेची आणि बासाची अशा दोन आयबेरियन, म्हणजे रोमनांआधीच्या इथल्या लोकांच्या, पाषाणमूर्ती तिथे आहेत. त्यांतली बासाची मूर्ती तुमच्याच ग्रानादा प्रांतात, 1971 साली एका थडग्याच्या उत्खननात सापडली. तिच्या आसनाच्या बाजूला खळगा कोरलाय, त्यात मृताच्या अस्थी होत्या, आणि दगडावर मूळचा निळा-तांबडा रंग अजून दिसतो. मी त्या मूर्तीसमोरून लवकर हलूच शकत नाही.

दारोकाठची

अगं, ये ये! मी इथे भाषांतरशास्त्रात पीएचडी करतेय, मास्टर्सही इथेच केलं. तू लहान आहेस, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

बाकी सगळं नंतर. आधी एक सांगते, कारण उरलेलं त्यातूनच निघतं: आल्या आल्या इथल्या वेळांना लाग. आपली मुलं येतात, साडेबाराला जेवतात, रात्री साडेसातला परत जेवून खोलीचं दार लावून घेतात, आणि दोन महिन्यांनी म्हणतात की इथे ओळखीच होत नाहीत. ओळखी होतात त्या रात्री नऊनंतर. गाणं असतं ते त्याच वेळेला. रस्त्यावर आजी-आजोबा, बाबागाडीतली पोरं, विद्यार्थी सगळे एकत्र असतात तेही तेव्हाच. हे लोक उशिरापर्यंत जागतात म्हणून कुणी नावं ठेवतं तेव्हा मला राग येतो. 1940 साली स्पेनने घड्याळ मध्य युरोपाशी जुळवलं आणि ते तसंच राहिलं. ग्रानादा तर ग्रीनिचच्याही पश्चिमेला. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दोन वाजून गेल्यावर, आणि जूनमध्ये मावळतो साडेनऊच्या पुढे. सूर्याकडे बघितलंस तर यांची जेवणाची वेळ अगदी बरोबर आहे.

दिवस साधारण असा. उठल्यावर नुसती कॉफी. अकराच्या सुमाराला वर्गांच्या मधल्या सुट्टीत खरी न्याहारी: अर्धा भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, मीठ आणि ऑलिव्ह तेलाची धार. कॉफी धरून अडीच-तीन युरो. इथलं तेल इथेच खा, जाएनची ऑलिव्हची झाडं शेजारच्या प्रांतात आहेत आणि चव कळते. दोन ते तीनच्या दरम्यान दुपारचं जेवण. विद्यापीठाच्या खानावळींना कोमेदोर म्हणतात. विद्यार्थी ओळखपत्र दाखवलं की चार युरोंच्या आतबाहेर पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, फळ असं ताट मिळतं. दोन ते पाच छोटी दुकानं बंद. रविवारी मोठी सुपरमार्केटंही बंद, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी आणून ठेव. सहानंतर सगळं शहर पाय मोकळे करायला बाहेर पडतं.

आता शाकाहार. ग्रानादाची चांगली गोष्ट अशी की पेय मागवलं की सोबत तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट येते. बहुतेक शहरांत त्याचे वेगळे पैसे पडतात. दारूच घ्यायला हवी असं मुळीच नाही. मोस्तो माग, तो न आंबवलेला द्राक्षरस असतो, तीन युरोंच्या आसपास. त्यावरही तापा येतोच. दुसऱ्या फेरीला दुसरा पदार्थ. दोन मोस्तोंमध्ये रात्रीचं जेवण होतं, आणि तेही चार माणसांत. फक्त मागवताना पहिल्यांदाच स्पष्ट सांग: मांस नको, हॅम नको, ट्यूना नको. तिन्ही नावं घे. नुसतं 'मांस खात नाही' म्हटलं तर डुकराच्या हॅमचे तुकडे पेरलेलं सूप आणून ठेवतात, आणि त्यांच्या मनात वावगं काही नसतं. साल्मोरेखो हे गार टोमॅटोचं दाट सूप सुरेख असतं, पण वर हॅम आणि अंडं पसरलेलं असतं, ते आधी सांगायचं. तुझ्यासाठी हक्काचं म्हणजे वांग्याचे काप: पातळ कापून तळलेले आणि वर काकवी. हो, उसाचीच. याच प्रांताच्या किनारपट्टीवर 2006 पर्यंत उसाचा कारखाना चालू होता आणि अरबांनी आणलेला ऊस त्या भागात शतकानुशतकं पिकत आला. शिवाय बटाट्याचं जाड ऑम्लेट, पालक-छोले, तळलेलं चीज. उपाशी राहणार नाहीस.

पैसे. रूम 300 ते 350 ला मिळेल, चारजणींच्या घरात. वीज, गॅस, इंटरनेटचा तुझा वाटा पन्नासच्या आसपास, हिवाळ्यात जास्त. किराणा दीडशे. फोन दहा. दुपारचं जेवण कोमेदोरला केलंस तर साठ-सत्तर. शहर पायी फिरण्याजोगं आहे, कार्तुखा या विद्यापीठाच्या टेकडीवरच्या आवाराच्या चढासाठी बस लागते आणि बसचं कार्ड असलं की फेरीला युरोपेक्षा कमी पडतात. म्हणजे महिन्याकाठी शंभरएक युरो गाण्याला आणि फिरण्याला राहतात, आणि या शहरात शंभर पुष्कळ झाले.

फ्लामेंकोचं ऐक. साक्रोमोंते टेकडीवरच्या गुहांमधले कार्यक्रम महाग असतात आणि त्यात जाण्यायेण्याची गाडी, एक पेय असं सगळं बांधून दिलेलं असतं. एखाद्या वेळी जा, कारण पांढऱ्या चुन्याच्या त्या बसक्या गुहेत टाचांचा आवाज छातीत येतो. पण रोजचं म्हणून अल्बाइसिन या जुन्या वस्तीतल्या पेन्या ला प्लातेरियाचा कार्यक्रम बघत राहा. ही 1949 पासूनची रसिकांची मंडळी, स्पेनमधली सगळ्यात जुनी पेन्या. तिथे ऐकणारे कान असतात. कुणी मध्येच बोललं तर शेजारचे आजोबा वळून बघतात. आणि एक कर: सुरुवातीला टाळ्या वाजवू नकोस. टाळी हे तिथलं वाद्य आहे. सोलेआ हा फ्लामेंकोचा एक प्रकार, तो ऐकताना मोजून बघ. आपल्या एकतालासारख्याच 12 मात्रा, पण जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. एकदा ते बोटांवर बसलं की गाणारा कुठे थांबतोय, गिटारवाला त्याची वाट कशी बघतोय, हे दिसायला लागतं. मी घरी भांडी घासताना मोजायचे.

फुकटात ऐकण्यासारखंही खूप आहे. कॅथेड्रलच्या बाजूला, राजघराण्याच्या दफनगृहासमोर ला माद्रासा आहे. 1349 साली युसूफ पहिला या सुलतानाने बांधलेलं विद्यापीठ. आज ते आपल्या विद्यापीठाचं सांस्कृतिक केंद्र आहे: व्याख्यानं, छोट्या मैफली, प्रदर्शनं, बहुतेक विनाशुल्क. आतली नमाजाची खोली जरूर बघ. विद्यापीठाचा सिनेक्लब आहे, चित्रपट मूळ भाषेत आणि खाली स्पॅनिश अक्षरं. तुझ्या वर्गातल्या स्पॅनिशला बाहेर काढायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही, कारण अंदालुसियातले, म्हणजे या दक्षिण स्पेनमधले लोक शब्दांची शेपटं गिळतात आणि पहिला महिना कान बावचळलेले असतात.

सप्टेंबरची_तयारी

ताई, काय लिहिलंयस! आईला कालच वाचून दाखवलं. काकवीवर तिचा विश्वास बसेना. खर्चाचा भाग तिने वहीत उतरवून घेतला.

अजून विचारू? रात्री एकटीने फिरायला भीती नाही ना? थंडी किती असते? अल्हाम्ब्राचं तिकीट एकदाच काढायचं तर कसं बघावं? आणि तिथे राहिल्याशिवाय दिसणार नाही असं काय आहे?

दारोकाठची

रात्रीचं: मध्यवर्ती भागात अकरा-बारापर्यंत इतकी माणसं असतात की एकटं वाटत नाही. अल्बाइसिनच्या वरच्या गल्ल्या आणि साक्रोमोंतेच्या पलीकडचा रस्ता मात्र रात्री एकटीने टाळ. गल्ल्या अरुंद, दिवे कमी. सान निकोलासच्या कट्ट्यावर सूर्यास्ताला गर्दी होते तेव्हा पिशवी पुढे धर. कॅथेड्रलपाशी कुणी हातात रोझमेरीची डहाळी द्यायला आलं तर घेऊ नकोस, लगेच हात बघून भविष्य सांगतात आणि पैसे मागतात. हसून पुढे जा.

थंडीबद्दल नीट सांगते, कारण स्पेन म्हणजे ऊन असं समजून मुलं एका स्वेटरवर येतात. ग्रानादा सातशे मीटरच्या आसपास उंचीवर, पाठीशी सिएरा नेवादाचा बर्फ. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याला टेकतो आणि जुन्या घरांत हीटर नसतो. भिंती दगडासारख्या गार. त्यावरचा इथला जुना उपाय मला फार आवडतो. बैठकीच्या खोलीत एक गोल टेबल असतं, त्यावरून थेट जमिनीपर्यंत लोंबणारं जाड मखमली कापड. टेबलाखाली पायांच्या उंचीवर लाकडी चौकट आणि तिच्या मधोमध ब्रासेरो, म्हणजे ताटाएवढी विजेची शेगडी. पूर्वी त्यात कोळसे असत. सगळ्यांनी खुर्च्या ओढून घ्यायच्या, कापड मांडीवर घ्यायचं आणि पाय आत. कमरेच्या वर थंडी, खाली ऊब. माझ्या घरातल्या मुलींशी माझी खरी ओळख त्या टेबलापाशी झाली. बाकी खोल्या इतक्या गारठलेल्या की रात्री नऊपासून झोपेपर्यंत चौघी तिथेच. एकीचा प्रबंध, एकीचं शिवण, आणि माझी व्याकरणाची शंका निघाली की तिघींची तीन उत्तरं. घर बघायला जाशील तेव्हा टेबलाचं कापड उचलून आत ब्रासेरो आहे का बघ, कुणी वाईट मानत नाही.

गॅसही बघून घे. पुष्कळ घरांत अंघोळीचं पाणी नारिंगी सिलिंडरवर तापतं. साडेबारा किलो गॅस, पण लोखंडाचं वजन धरून दुप्पट. लिफ्ट नसेल तर तिसरा मजला घेण्याआधी विचार कर. एक भरलेला कायम राखून ठेवा, कारण तो संपतो तो केस धुताना.

अल्हाम्ब्रा. तिकीट कित्येक आठवडे आधी काढ, नावावर असतं, पासपोर्ट बरोबर ने. नासरी, म्हणजे मुस्लिम सुलतानांच्या, महालांची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. पण त्याआधी कितीतरी वेळा विनातिकीट जाऊन ये. प्लाझा नुएवापासून झाडीतला चढ चढून न्यायदरवाजातून आत जाता येतं. पाचव्या चार्ल्सच्या महालाला तिकीट नाही. बाहेरून चौकोनी, आत गोल अंगण, 1527 मध्ये सुरू झालेलं काम आणि छप्पर थेट विसाव्या शतकात. कोपऱ्यात बसून वही उघडायला छान जागा. तुझ्या विषयाच्या दृष्टीने तर सांगेन, पहिल्या भेटीत नक्षीकडे न बघता पाण्याकडे बघ. दारो नदी वरच्या अंगाला कित्येक किलोमीटरवर अडवून तिथून राजकालवा काढलाय. डोंगराच्या कडेकडेने उतार राखत पाणी टेकडीच्या माथ्यावर आणलं, तेव्हा कुठे तिथे महाल उभे राहू शकले. हेनेरालिफेच्या बागेतून तोच कालवा वाहताना दिसतो. तिथून सिंहांच्या अंगणात ये. 12 संगमरवरी सिंह, मधल्या कुंडाच्या काठावर इब्न झम्राक या वजीर-कवीच्या ओळी कोरलेल्या. दगडासारखं दिसणारं पाणी आणि पाण्यासारखा दिसणारा दगड यांतलं वाहतंय कोणतं, असा प्रश्न त्या ओळींतच आहे. पाणी कुठून आलं हे पाहून आलेल्याला त्या वेगळ्या कळतात.

आता राहिल्याशिवाय न दिसणारं: ईस्टरच्या आधीचा आठवडा, सेमाना सांता. सेविया शहराचा जास्त गाजतो, पण ग्रानादात गल्ल्या चिंचोळ्या आणि चढ तीव्र, त्यामुळे सगळं अंगाजवळून जातं. येशूच्या किंवा मेरीच्या मूर्तीचा लाकडी देव्हारा, त्याला पासो म्हणतात, तो खांद्या-मानेवर वाहणारी माणसं आतल्या बाजूला, कापडाच्या आड असतात. त्यांना समोरचं काही दिसत नाही. पुढे चालणारा म्होरक्या देव्हाऱ्यावरचा धातूचा ठोकळा आपटतो, आत एकच हुंकार, आणि तो सगळा भार एका दमात वर उचलला जातो. कोपऱ्यावर वळताना इंचाइंचाने पावलं टाकतात आणि बाजूला उभी बाई श्वास धरून त्यांच्या पायांकडे बघत असते, आत तिचा मुलगा असतो. टोकदार टोप्या घातलेले मेणबत्तीवाले जातात, तेव्हा लहान मुलं धावत जाऊन हात पुढे करतात. हातात चांदीच्या कागदाचा गोळा. मेणबत्तीचं मेण त्यावर ठिबकवून घ्यायचं, दरवर्षी गोळा मोठा होत जातो. पुढच्या वर्षी तोच गोळा कपाटातून काढतात. माझ्या शेजारणीच्या मुलीचा आता संत्र्याएवढा झालाय, आणि त्यात थरांचे रंग दिसतात.

बुधवारी रात्री साक्रोमोंतेवर जाणारी मिरवणूक चुकवू नकोस. डोंगरावर जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि देव्हारा वर चढत असताना लोक गातात. आणि गुरुवारी मध्यरात्री मौनाची मिरवणूक, तिच्या वाटेवरचे दिवे मालवलेले असतात. त्या आठवड्यात बसचे मार्ग बदलतात, घरी पोचायला उशीर होतो, तेवढं धरून चाल. मी कोणत्याही धर्माची फार भाविक नाही, पण माणसं मिळून एक जड गोष्ट इतकी जपून नेतात हे बघताना मला दरवेळी रडू येतं.

उत्खनन_आणि_चहा

वरचं सगळं पटलं, तरी मी थोडा वेगळा सल्ला देईन. मी सेवियात पुरातत्त्वच शिकलो. ग्रानादा इतकं लोभस आहे की मुलं तिथेच रमतात, आणि तुझ्या विषयाची खरी मेजवानी अंदालुसियात विखुरलेली आहे. शंभरांतले निम्मे युरो बसच्या तिकिटांना ठेव.

पहिलं अंतेकेरा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथले दोल्मेन, म्हणजे प्रचंड शिळांची प्रागैतिहासिक थडगी, 2016 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मेंगा नावाच्या महाशिलागृहाच्या तोंडाशी आत पाठ करून उभी राहा. समोर एका झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा डोंगर दिसतो. बांधणाऱ्यांनी प्रवेशद्वार सूर्याकडे न ठेवता त्या डोंगराकडे रोखलंय. शेजारच्या विएरा दोल्मेनमध्ये विषुवदिनी सूर्योदयाची किरणं आत जातात. दोन्ही एकाच दिवशी बघितली की अभिमुखता, म्हणजे वास्तूचं तोंड कुठे रोखलंय, हा विषय पाठ करावा लागत नाही.

मग कोर्दोबा. मशीद-कॅथेड्रलमध्ये सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठला साधारण तासभर फुकट सोडतात, आणि पैशाचं सोड, त्या वेळी गर्दी नसते. 785 च्या सुमाराला सुरू झालेलं बांधकाम, खांब मात्र पुष्कळसे जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून उचललेले. सगळ्यांची उंची सारखी नाही, म्हणून तळाशी आणि माथ्याशी कसं जुळवून घेतलंय ते खांबाखांबाला बघत जा. दुपारी मदिना अझाहरा, म्हणजे खलिफाच्या राजनगरीचे अवशेष. मे महिन्याच्या पूर्वार्धात गेलीस तर घरांची फुलांनी भरलेली अंगणंही उघडी असतात.

मेरिदा अंदालुसियाबाहेर आणि लांब आहे, मुक्काम लागेल, पण जा. रोमन नाट्यगृह इसवी सनापूर्वी 16-15 मधलं, आणि उन्हाळ्यात तिथे आजही नाटकं होतात. त्याला लागून राफाएल मोनेओने बांधलेलं रोमन कलेचं संग्रहालय, 1986 चं. विटांच्या उंच कमानींखाली मूर्ती उभ्या आहेत आणि तळघरात खुद्द उत्खनन जसंच्या तसं ठेवलंय. विषय शिकणाऱ्याने इमारतही वाचावी अशी ती जागा आहे.

दारोकाठची

अंतेकेराला शंभर टक्के अनुमोदन. तुझ्या वर्गातल्या मुलांना गोळा करून जा, बहुतेकांनी शेजारी राहूनही बघितलेलं नसतं. पण पहिले दोन महिने शनिवार-रविवार ग्रानादातच काढ असं माझं अजूनही म्हणणं आहे. ओळखी त्या काळात होतात. बाहेरच्या सहली नोव्हेंबरपासून, हवाही बरी असते.

सप्टेंबरची_तयारी

दोघांचंही ऐकते: ऑक्टोबर ग्रानादा, नोव्हेंबर अंतेकेरा! शेवटचं एकच. कुकर आणू का? आणि घरून काय आणणं खरंच गरजेचं आहे?

दारोकाठची

कुकर आण, पण सपाट बुडाचा. बहुतेक घरांत काचेची विजेची शेगडी असते, तिच्यावर गोल बूड नीट तापत नाही. कुठे इंडक्शनही असतं, तेव्हा चुंबक चिकटतो का ते दुकानातच बघून घे. डाळींचं ओझं आणू नकोस, अख्खे मसूर आणि छोले इथल्या रोजच्या जेवणातले आहेत, शिजवलेले छोले काचेच्या बरणीतही मिळतात. मूग, तूरडाळ, कोथिंबीर अरब आणि पाकिस्तानी दुकानांत. हिंग, गोडा मसाला, तुझ्या आवडीचं लोणचं एवढं आण. लोकरीचे पायमोजे आण. जन्मदाखला आणि पदवीची कागदपत्रं मूळ प्रतींसह हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको.

आणि खोलीसाठी कुणालाही न बघता अनामत पाठवू नकोस. विद्यार्थ्यांच्या गर्दीत फसवणाऱ्या जाहिराती खूप असतात. तुला दोन-तीन पत्ते पसंत पडले की मला निरोपातून पाठव. मी संध्याकाळी जाऊन बघून येईन, फोटो काढेन, नोंदीचं विचारेन आणि टेबलाचं कापडही उचलून बघेन. ऑगस्टमध्ये निम्मं शहर सुट्टीवर असतं आणि घरमालक फोन उचलत नाहीत, त्यामुळे जुलैच्या आत कळव.